कीटकांची साक्ष

साथीच्या रोगांचा आणि कीटकांचा संबंध आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ च्या ऑगस्ट महिन्यांत डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु पाहिले; पुढल्याच वर्षीं कराची येथें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें प्लेग उंदराकडून माणसाकडे नेणारी पिसू ओळखली. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेल्या प्लेगानें ज्या महाराष्ट्रांत घरेंच्या घरें ओस पाडलीं, त्या महाराष्ट्राला पिसवेची ही कथा निराळी सांगावयास नको. परंतु या दोन्ही विख्यात शोधांच्या आधीं, १८९१ सालीं, अमेरिकेंतील एका तरुण शास्त्रज्ञानें रोगवहनाचा हाच आरोप मधमाशीवर सिद्ध केला होता, आणि त्या तपासांतील रोगी माणूस नसून नासपतीचें झाड होतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ऐकण्यांत नसते.

पिकांच्या रोगांचे जंतु कीटकांच्या शरीरांत शोधण्याच्या या उद्योगास आतां सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वरवर पाहतां तो प्रयोगशाळेंतील हस्तकौशल्याचा इतिहास वाटतो: आधीं सूक्ष्मदर्शक यंत्र, मग कांचेच्या ताटलींत जंतु वाढविण्याची कला, आणि शेवटीं जनुकद्रव्याची परीक्षा. परंतु त्याचें खरें मर्म न्यायमंदिरांतील एका जुन्याच प्रश्नांत आहे. एखाद्या इसमाजवळ चोरीचा माल सांपडला, एवढ्यावरून तोच चोर ठरतो काय? त्याचप्रमाणें कीटकाच्या पोटांत रोगजंतु आढळला, एवढ्यावरून त्यानेंच तो झाडाच्या अंगांत घातला असें सिद्ध होत नाहीं. जंतु सांपडणें, तो जिवंत असणें आणि तो निरोगी झाडापर्यंत पोंचविला जाणें, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्यांनीं ओळखला त्यांच्याच हातून हें शास्त्र पुढें गेलें. आणि आजहि एखादी बाग राखावी कीं तोडावी, याचा निर्णय पुष्कळदां याच भेदावर येऊन ठेपतो.

अमेरिकेंतील नासपती व सफरचंद यांच्या बागांना एक भयंकर रोग होतो. त्याच्या तडाख्यांत सांपडलेला मोहोर व कोंवळ्या फांद्या विस्तवानें होरपळल्याप्रमाणें काळ्या पडतात, म्हणून त्यास तिकडे अग्निरोग अशा अर्थाचें नांव आहे. इलिनॉय विद्यापीठांतील थॉमस बरिल यांनीं १८७८ ते १८८० या काळांत या रोगाचें कारण एक सूक्ष्म जंतु असल्याचें प्रतिपादिलें, आणि पुढें जोसेफ आर्थर यांनीं तें पक्क्या प्रयोगांनीं सिद्ध केलें. माणसें व गुरें यांच्याप्रमाणें वनस्पतीसहि जंतूमुळें रोग होतो, हें दाखविणारें हें पहिलें उदाहरण होय. तरीहि एक कोडें उरलेंच. जंतूला पाय नाहींत, पंखहि नाहींत. मग वसंतांत मोहोर फुलतांच अवघ्या कांहीं दिवसांत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, एका फुलांतून दुसऱ्या फुलांत तो जातो कसा?

मर्टन वेट यांनीं या प्रश्नाचा उलगडा अगदीं साध्या साधनांनीं केला. अग्निरोगाचे जंतु फुलांतील मधुरसांत वाढतात हें त्यांनीं पाहिलें. कांहीं मोहोरावर त्यांनीं जाळी घालून कीटकांस मज्जाव केला, कांहीं मोहोर उघडा ठेवला. उघड्या मोहोरावर रोग पसरला. झांकलेला मोहोर वांचला. दूषित फुलांवर बसलेल्या मधमाश्या धरून त्यांच्या मुखावयवांवरून त्यांनीं तोच जंतु वेगळा काढला, आणि त्या जंतूनें निरोगी फुलांत पुन्हां तोच रोग उत्पन्न केला. म्हणजे माल सांपडला, तो जिवंत ठरला, आणि तो घरपोंच झाल्याचाहि पुरावा मिळाला. कीटकांकडून जंतुजन्य वनस्पतिरोगाचा प्रसार होतो याचा हा पहिला निर्णायक दाखला. गंमत अशी कीं, यांतील आरोपी हा बागाईतदाराचा शत्रु नसून परममित्र होता. मधमाशी नसेल तर फळधारणा नाहीं. आणि मधमाशी असेल तर रोगाची धास्ती. निसर्गांत शत्रु आणि मित्र यांच्या पंक्ति वेगवेगळ्या मांडलेल्या नसतात, याची जाणीव या शास्त्राला अशी जन्मतःच झाली.

अमेरिकेंत एवढें झालें तरी युरोपांतील सर्व विद्वानांस तें पटलें नव्हतें. लाइपझिगचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर यांचें मत असें कीं, जंतु हे वनस्पतींच्या रोगाचें कारणच होऊं शकत नाहींत. अमेरिकन शेतकी खात्यांतील एर्विन स्मिथ यांनीं या मताचा पुराव्यानिशीं समाचार घेतला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभयतांमध्यें मोठा कडाक्याचा वाद झाला. स्मिथ यांच्या भात्यांतील एक बाण म्हणजे काकडीच्या वेलांचा 'मर' रोग. सकाळीं टवटवीत दिसणारा वेल दुपारीं मान टाकतो, आणि त्याचा देंठ कापून बोटानें ओढला असतां जंतूंनीं भरलेल्या चिकट रसाचे तंतु निघतात. या रोगाच्या प्रसाराचा संशय स्मिथ यांना काकडीवरील पट्टेरी भुंग्याचा आला.

पण येथें नवाच प्रश्न पुढें उभा राहिला. तिकडील कडक हिंवाळ्यांत काकडीचा वेल शिल्लकच राहत नाहीं. तरीहि पुढल्या वसंतांत रोग पुन्हां हजर होतो. मधल्या काळांत जंतु कोठें दडून बसतो? १९१५ च्या सुमारास फ्रेडरिक रँड यांनीं दाखविलें कीं, तो हिंवाळा भुंग्याच्या आंतड्यांत काढतो. भुंगा पालापाचोळ्याखालीं निजतो आणि जंतु भुंग्याच्या आंत. भुंग्यानें पानें कुरतडून पाडलेल्या जखमांत त्याची विष्ठा पडली कीं रोगाचा नवा हंगाम सुरू होतो. या शोधानें कीटकाची योग्यता बदलली. मधमाशी ही जंतूची नुसती पालखी होती. भुंगा हा त्याचा धर्मशाळेचा मालक निघाला. अर्थात् पीक शेतांत नसतांना रोगाचा ठाव घ्यावयाचा असेल, तर तो कीटकाच्या पोटांतच घेतला पाहिजे, हें उघड झालें.

याचेंच पुढलें पाऊल मक्याच्या शेतांत पडलें. अमेरिकेंतील गोड मक्यावर पडणारा एक जंतुजन्य मर रोग एफ. सी. स्ट्यूअर्ट यांनीं १८९७ मध्यें वर्णिला होता. पुढें या रोगाचा वाहक म्हणून पिसवेसारखी उडी मारणारा एक काळा, बारीक भुंगेरा ओळखला गेला. १९३२ व १९३३ या सालीं, सौम्य हिंवाळ्यामागून, या रोगाची मोठी साथ आली. तेव्हां नील स्टीव्हन्स यांनीं एक सुटसुटीत ठोकताळा बसविला: डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या सरासरी उष्णमानांची फॅरनहाइट अंशांत बेरीज करावी, ती १०० च्या वर गेली तर रोगाचा जोर होईल, ९० च्या खालीं राहिली तर भय थोडें. हवामानाच्या आंकड्यांवरून पिकाचें भविष्य सांगणारा हा ठोकताळा खरा कां ठरतो, हें शार्लट एलियट आणि एफ. डब्ल्यू. पूस यांच्या संशोधनानें स्पष्ट झालें. त्यांनीं ठिकठिकाणचे नाना जातींचे कीटक गोळा करून, बाहेरून निर्जंतुक करून चिरडले आणि त्यांच्या अर्कांतून जंतु वाढवून पाहिले. हिंवाळा काढणाऱ्या त्या भुंगेऱ्याच्या अंगांत मक्याचा जंतु जिवंत होता. थंडी सौम्य म्हणजे भुंगेरे अधिक वांचले; आणि भुंगेरे अधिक म्हणजे जंतु अधिक. ठोकताळा हवेचा होता, पण त्याचें कारण कीटकाच्या पोटांत होतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिपिंडांच्या रंगपरीक्षेनें हेंच काम फार सुलभ झालें, आणि वसंतांत पकडलेल्या शेंकडों भुंगेऱ्यांपैकीं किती सजंतु आहेत हें थोड्या वेळांत मोजतां येऊं लागलें.

येथवरची वाट तुलनेनें सरळ होती, कारण हे सारे जंतु कांचेच्या ताटलींत वाढत. खरी कसोटी लागली ती ताटलींत न वाढणाऱ्या जंतूंच्या बाबतींत. कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइमच्या आसपासचे द्राक्षमळे १८८० नंतरच्या दशकांत एका गूढ रोगानें उजाड झाले. न्यूटन पिअर्स यांनीं १८९२ सालीं त्याचें तपशीलवार वर्णन केलें, परंतु रोगाचें मूळ त्यांच्या हातीं लागलें नाहीं. १९४० नंतर तो रोग तुडतुड्यांच्या जातीचे कीटक पसरवितात असें ठरलें; पण सूक्ष्मदर्शकांत कांहींच दिसेना आणि ताटलींत कांहींच उगवेना, म्हणून कारण विषाणु असावा असा समज रूढ झाला. तो तीस वर्षें टिकला. १९७३ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं द्राक्षवेलाच्या जलवाहिन्यांत जंतु दिसला, आणि १९७८ सालीं तो प्रयोगशाळेंत वाढविण्यांत यश आलें.

मग अलेक्झांडर पर्सेल व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा कीटकांतील मुक्काम शोधला. हा जंतु कीटकाच्या अन्नमार्गाच्या अगदीं आरंभींच्या भागांत, आंतील अस्तराला चिकटून राहतो. कीटकाचें पिलूं कात टाकतें तेव्हां हें अस्तरहि गळून पडतें, आणि रोग पसरविण्याची त्याची शक्ति तत्क्षणीं नष्ट होते. म्हणजे ज्या कीटकावर काल दोष सिद्ध झाला असता तो आज निर्दोष! जंतु कीटकांत आहे एवढें पुरेसें नाहीं, तो कोठें आहे हेंहि विचारलें पाहिजे, हा धडा या एका निरीक्षणानें दिला.

या साऱ्या इतिहासाचा सर्वांत मोठा अध्याय मात्र संत्र्या-मोसंब्यांच्या बागेंत लिहिला गेला, आणि त्यांतील कांहीं पानें पुण्याचीं आहेत. लिंबाच्या जातीच्या झाडांना होणाऱ्या या रोगास चीनमध्यें 'हुआंगलोंगबिंग' म्हणजे पीतनागरोग असें म्हणतात, तर इंग्रजी भाषेंत 'ग्रीनिंग' हें नांव रूढ आहे. एखाद्या फांदीचीं पानें ओबडधोबड ठिपक्यांनीं पिवळीं पडतात. फळें वेडींवांकडीं व लहान राहतात, देंठाकडून रंग धरतात आणि टोंकाशीं हिरवींच राहतात. रस कडवट होतो. शेंडे वाळत जाऊन झाड हळूहळू मरतें. चीनमध्यें लिन कुंग-शियांग यांनीं हा रोग कलमांवाटे एका झाडांतून दुसऱ्यांत जातो हें दाखवून तो संसर्गजन्य ठरविला.

हिंदुस्थानांत या संकटाची चाहूल पुष्कळ आधीं लागली होती. पंजाबांतील कीटकशास्त्रज्ञ मुहंमद अफझल हुसेन आणि दीनानाथ यांनीं १९२७ सालीं 'सायला' या चिमुकल्या, रस शोषणाऱ्या कीटकावर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. या कीटकामुळें झाडें खंगतात व फळें बेचव होतात असें त्यांनीं नमूद केलें, पण त्याचें कारण कीटकाची विषारी लाळ असावी असें त्यांस वाटलें. मागाहून विचार करतां, त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रीनिंग रोगच असला पाहिजे, असें पुष्कळ अभ्यासकांनीं म्हटलें आहे. कीटक त्यांस सांपडला होता; त्याच्या पोटांतला जंतु पाहण्याचें साधन मात्र त्या काळीं नव्हतें.

इकडे देशभर संत्र्या-मोसंब्यांच्या बागा 'शेंडेमर' होऊन बसत होत्या. कोणी जमिनीस दोष दिला, कोणी खतास, कोणी पाण्यास. १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांतील वनस्पतिरोगतज्ज्ञ लिलियन फ्रेझर यांनीं भारतीय शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, या शेंडेमरीचें संभाव्य कारण ग्रीनिंग हेंच आहे. या सहकाऱ्यांपैकीं एस. पी. कपूर हे पुण्यांतील कृषिमहाविद्यालयाच्या आवारांत असलेल्या वनस्पति-विषाणु केंद्रांत काम करीत. पुढल्याच वर्षीं, १९६७ सालीं, कपूर, राव आणि विश्वनाथ या तिघांनीं भारतांत ग्रीनिंगचा वाहक सायला कीटकच आहे, हें प्रयोगानें सिद्ध केलें. रोगट झाडांवर पोसलेले कीटक निरोगी रोपांवर सोडावयाचे आणि रोपांवर लक्षणें उमटण्याची वाट पाहावयाची, अशी ती पद्धति. तीस फार काळ लागतो आणि तितकाच धीरहि लागतो. त्याच केंद्रांतील पुढील कामानें असेंहि दाखविलें कीं, या कीटकाच्या चौथ्या व पांचव्या अवस्थेंतील पिलें रोग घेऊं शकतात, आणि तीं मोठीं झाल्यावर तो दुसऱ्या झाडास देऊं शकतात.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी आहे. पुण्यांतील संशोधकांनीं जेव्हां हा गुन्हा शाबीत केला, तेव्हां 'चोरीचा माल' कोणींच डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. रोगाचें कारण विषाणु आहे असेंच त्या वेळीं सर्वत्र मानलें जाई. परंतु वहनाचा पुरावा इतका बिनतोड होता कीं, पुढें कारणाचें नांव बदललें तरी निकाल बदलला नाहीं.

आणि नांव खरोखरच लवकर बदललें. १९६७ सालींच जपानी शास्त्रज्ञांनीं तुतीच्या रोगट झाडांच्या रसवाहिन्यांत विषाणूहून निराळे, जंतूसारखे सूक्ष्म जीव पाहिले होते. त्या शोधानें जगभरच्या संशोधकांच्या नजरेला नवी दिशा लागली. १९७० सालीं लाफ्लेश व झोझेफ-मारी बोव्हे या फ्रेंच संशोधकांनीं ग्रीनिंग झालेल्या संत्र्याच्या झाडांत तसेच जीव दाखविले, आणि हा पूर्वसमजुतीप्रमाणें विषाणु नसून जंतु आहे हें पुढें निश्चित झालें. १९७३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंत व तैवानमध्यें त्या त्या देशांतील सायलांच्या शरीरांतहि तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला. शेवटीं माल सांपडला. पण तो अद्याप कोणत्याहि ताटलींत वाढेना. जो जंतु वेगळा काढतां येत नाहीं त्याची ओळख पटवावयाची कशी?

या पेंचांतून सोडविणारी वनस्पति प्रत्येक मराठी अंगणांत फुलणारी सदाफुली ही होती. फ्रान्समधील बोर्दो येथें बोव्हे आणि मोनीक गार्निए यांनीं अमरवेलीच्या पुलावरून हा जंतु संत्र्याच्या झाडांतून सदाफुलींत नेला. सदाफुलींत त्याची वाढ जोमानें होते. तेथें जतन केलेल्या जंतूच्या वाणांपैकीं एक वाण पुण्याहून गेलेला होता, आणि शास्त्रीय वाङ्मयांत तो 'पूना' याच नांवानें प्रसिद्ध आहे. या पूना वाणाच्या जनुकद्रव्याचा एक तुकडा वेगळा काढून त्याची एक प्रकारची खूणचिठ्ठी तयार करण्यांत आली. ती आपल्या जोडीदार तुकड्यालाच तेवढी चिकटते. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत भारतांतील बागांतील झाडें आणि मलेशियांतील सायला कीटक या दोहोंतहि हा जंतु याच रीतीनें ओळखल्याचा वृत्तांत आहे. १९९४ सालीं झागुएक्स, बोव्हे आणि गार्निए यांनीं पूना वाण व दक्षिण आफ्रिकेंतील नेल्सप्रुइट येथील वाण यांच्या जनुकद्रव्याचा एक भाग वाचून या जंतूचें कुल व गोत्र निश्चित केलें. सालीच्या आंतील पदरास लॅटिन भाषेंत 'लिबर' म्हणतात. त्यावरून त्याचें नांव ठेवलें गेलें. मात्र तो अजून स्वतंत्रपणें वाढवून दाखवितां आलेला नसल्यामुळें शास्त्राच्या दप्तरीं त्याच्या नांवामागें 'उमेदवार' या अर्थाचा लॅटिन शब्द आजहि जोडावा लागतो.

जंतूची अक्षरें अशीं वाचतां येऊं लागल्यावर पीसीआर नांवाच्या युक्तीनें काम शीघ्र झालें. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांना १९८३ मध्यें सुचलेल्या या रीतीनें जनुकद्रव्याच्या एका विशिष्ट तुकड्याच्या असंख्य प्रति थोड्या तासांत काढतां येतात. मग मूळ तुकडा कितीहि अल्प असो, तो लपून राहत नाहीं. अवघा तीन-चार मिलिमीटर लांबीचा एक सायला चिरडून त्यांत जंतु आहे कीं नाहीं हें आतां सांगतां येऊं लागलें. आणि याच वेळीं या साधनाची नितांत गरज पडावी असें संकट अमेरिकेंत ओढवलें.

फ्लॉरिडा संस्थानांत सायला कीटक १९९८ च्या जून महिन्यांत प्रथम आढळला. रोग मात्र २००५ च्या ऑगस्टमध्यें नजरेस आला. तोंवर तो किती दूरवर पसरला होता याची कल्पना कोणास नव्हती, कारण या रोगाचा खरा कपटीपणा त्याच्या मौनांत आहे. जंतु शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत झाड कित्येक महिने, कधीं कधीं वर्षेंहि, वरून निरोगीच दिसतें. शिवाय झाडांतील जंतूंची वांटणी फार विषम असते. एका फांदीचें पान तपासावें तर कांहीं नाहीं, शेजारच्या फांदींत मात्र ते खच्चून भरलेले. चार पानें तोडून केलेली परीक्षा म्हणून फसते. कीटकांचें तसें नाहीं. ते झाडावर कोंवळी फूट शोधीत हिंडतात, अनेक ठिकाणीं रस शोषतात, आणि जंतु आपल्या शरीरांत सांठवितात. माळ्याला जें पान निवडतां येत नाहीं तें जणूं कीटक त्याच्यासाठीं निवडून ठेवतो.

केरेहळ्ळी मंजुनाथ व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत फ्लॉरिडांतून गोळा केलेल्या सायलांचे सुमारें १,२०० नमुने तपासले होते. त्यांतून दिसलें कीं, झाडांवर लक्षणें उमटण्यापूर्वीं एक ते कित्येक वर्षें आधीं त्या भागांतील कीटकांत जंतु सांपडूं शकतो. दुसरी गोष्ट अधिक बोंचक होती: स्वस्त रोपें विकणाऱ्या दुकानांतील कुंड्यांवरहि सजंतु कीटक मिळाले. म्हणजे रोग केवळ वाऱ्यावर उडत नव्हता. तो मालमोटारींत बसून, किंमतीची चिठ्ठी लावून गिऱ्हाइकांच्या घरीं जात होता. ही साक्ष हातीं आली तेव्हां फ्लॉरिडाच्या दृष्टीनें फार उशीर झाला होता. २००३-०४ च्या हंगामांत तेथें सुमारें २४ कोटि पेट्या संत्रीं निघालीं होतीं. २०२२-२३ च्या हंगामांत ती संख्या दोन कोटींच्याहि खालीं आली. त्यांत वादळांचा वांटा आहे, परंतु मुख्य घाव या रोगाचाच.

कॅलिफोर्नियानें शेजाऱ्याला ठेंच लागतांच स्वतः शहाणपणा धरला. तेथें रोग दिसण्याची वाट न पाहतां कीटकच पकडून तपासण्याचा क्रम ठेवण्यांत आला. २००९ सालीं फ्रेझ्नो येथें भारतांतून आलेल्या सामानांतील कढीलिंबाच्या पानांवर सायला सांपडले, आणि परीक्षेंत त्यांच्यांत जंतु आढळला. फोडणीचा स्वाद परदेशींहि सुटूं नये म्हणून आप्तेष्टांनीं प्रेमानें बांधून दिलेल्या पुडींतूनहि एखाद्या देशाच्या बागांवर संकट येऊं शकतें, हें आपल्या घरांघरांतून ध्यानीं ठेवण्याजोगें आहे. कढीलिंब हा संत्र्याच्याच कुळांतला असून त्याची कोंवळी पालवी या कीटकास फार प्रिय आहे. पुढें २०१२ च्या मार्चमध्यें लॉस एंजेलिसजवळील हॅसिएंडा हाइट्स या वस्तींतील एका परसांत पकडलेल्या सायलांत जंतु मिळाला, आणि त्यांच्या अनुरोधानें त्याच परसांतील झाड रोगी ठरलें. तें तत्काळ काढून टाकण्यांत आलें. कॅलिफोर्नियांत रोग नंतर इतर परसांतून आढळतच राहिला. पण त्याचा वेग फ्लॉरिडासारखा झाला नाहीं, याचें कांहीं श्रेय तरी या आधींच घेतलेल्या साक्षीला दिलें पाहिजे. इटलींतहि, द्राक्षवेलीवरील त्या जंतूच्याच जातीनें २०१३ पासून पुलिया प्रांतांतील जुने ऑलिव्ह वृक्ष मारण्यास आरंभ केल्यावर, शेतांतच करतां येईल अशी जनुकपरीक्षा संशोधकांनीं २०१५ सालीं सिद्ध केली, आणि ज्या कीटकांवर ती करावयाची त्यांस 'हेर कीटक' असें समर्पक नांव दिलें.

तथापि साक्षीदार कितीहि चतुर असला तरी त्याच्या शब्दावर एकदम फांशी देऊं नये, हा न्यायाचा दंडक येथेंहि लागू आहे. पीसीआर जनुकद्रव्य ओळखतें. जंतु जिवंत आहे कीं मेलेला, हें तें सांगत नाहीं. पुढील प्रयोगांवरून असें दिसलें आहे कीं, पिलांच्या अवस्थेंत जंतु घेतलेले सायला पुढें तो चांगला पसरवितात, कारण त्यांच्या शरीरांत जंतूंची वाढ होते. मोठेपणीं जंतु घेतलेले कीटक मात्र क्वचितच रोग देऊं शकतात. परीक्षेच्या नळींत दोघेहि 'सजंतु' ठरतात. तेव्हां सजंतु कीटक सांपडला म्हणजे त्या जागीं रोग झालाच असें नव्हे. तो जवळपास कोठें तरी आहे, एवढेंच निश्चित. उलट पांच-दहा कीटकांत जंतु मिळाला नाहीं म्हणून बाग निर्मळ आहे असें मानणेंहि तितकेंच धोक्याचें.

आणि खरी अडचण प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांतांत २००४ सालीं रोग आढळल्यानंतर लक्षावधि झाडें तोडावीं लागलीं. त्यांपैकीं पुष्कळांवर लक्षणें तरी दिसत होतीं. परंतु कीटकाची साक्ष झाडावर कांहींहि दिसत नसतां मिळते. ज्या झाडाला लहानाचें मोठें केलें, जें यंदा बहारानें लवलें आहे, त्याकडे बोट दाखवून 'याच्या आसपास रोग आहे' असें सांगणाऱ्या एका कागदाच्या चिटोऱ्यावर शेतकऱ्यानें कितपत विश्वास ठेवावा? विश्वास ठेवला नाहीं तर शेजाऱ्याची बाग जाते. ठेवला तर स्वतःची. एकट्या मालकाला हा प्रश्न सुटत नाहीं. सर्व गांवानें एकाच वेळीं कीटकांचा बंदोबस्त करणें, परीक्षा झालेल्या रोपवाटिकेंतूनच कलमें घेणें, आणि ज्याचें झाड सर्वांसाठीं जाईल त्याची भरपाई सर्वांनीं करणें, अशा सामुदायिक व्यवस्थेवांचून या साक्षीचा उपयोग व्हावयाचा नाहीं. विदर्भ-मराठवाड्यांतील संत्र्या-मोसंब्यांच्या पट्ट्याला ही गोष्ट परकी नाहीं. ज्या जंतूची पहिली ओळख पूना वाणाच्या आधारें पटली तो इकडचाच रहिवासी आहे.

मर्टन वेट यांनीं मधमाशी पकडली तेव्हां तिच्याविरुद्ध पुरावा गोळा करणें हा त्यांचा हेतु होता. कपूर व त्यांचे सहकारी यांनीं न दिसणाऱ्या जंतूचा वाहक निव्वळ धीरानें आणि रोपांच्या निरीक्षणानें ओळखला. आजचा संशोधक तोच कीटक हातीं घेतो तो त्याला शिक्षा देण्यापूर्वीं त्याची जबानी घेण्यासाठीं. आरोपी माफीचा साक्षीदार झाला आहे. त्याची जबानी लवकर मिळते, पुष्कळदां खरी असते, आणि कधींच पूर्ण नसते. ती ऐकून झाडाचा निर्णय घेणें हें काम मात्र माणसांचेंच राहिलें आहे. आणि तें एकट्यादुकट्याचें नसून साऱ्या गांवाचें आहे.